पुरून ठेवलेले धन

शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले, अशी एक समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून फार खोल रुजली आहे. मुलगा दहावी झाला, फार तर महाविद्यालयाची पायरी चढून आला, की त्याची वह्या-पुस्तके माळ्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर शिकण्याची हौसही माळ्यावर जाऊन पडते. पुढे हाच मनुष्य चाळीस-पन्नास वर्षे शेत करतो, होडी चालवितो, संसार करतो, मुले वाढवितो. एवढ्या दीर्घ काळात त्याला शिकविणारे कोणीच नसते काय? असते. त्याचा शेजारी असतो, पलीकडच्या वाड्यावरचा समव्यवसायी असतो, नदीपारचा सोयरा असतो. परंतु त्यांच्यापाशी जाऊन, ‘‘हे तुम्ही कसे साधले?’’ असे विचारण्याची रीत आपल्यातून मागे पडली आहे. आणि न विचारता आपण होऊन सांगण्याची रीत तर त्याहूनही दुर्मिळ झाली आहे. या विषयावर आज आम्ही वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो.

आमच्या डोळ्यांसमोर या वेळी गाव आहे ते तेरेखोल. पेडणे तालुक्याच्या अगदी उत्तर टोकाला, नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या भूमीला चिकटून गोव्याचा हा लहानसा तुकडा वसलेला आहे. सह्याद्रीतून उतरून बांद्याजवळून वाहत येणारी नदी येथे समुद्राला मिळते. तिच्या मुखावरच्या टेकडीवर सावंतवाडीकर भोसल्यांनी सतराव्या शतकात किल्ला बांधला. १७४६ साली तो पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. किल्ल्याच्या आवारात संत आंतोनीचे चर्च आहे. गावाची पंचायत नदीपलीकडच्या केरीशी जोडलेली. तिकडे जायचे तर फेरीबोट गाठावी लागते. उलट महाराष्ट्रातील रेडी गाव पायांखालच्या वाटेने जवळ. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला राज्याची सीमा, असे हे गाव आहे. अशा गावाला बाहेरून शिकवायला वारंवार कोण येणार? तेथील कुटुंबांपाशी जे ज्ञान आहे, ते त्यांनीच एकमेकांना दिले तर टिकेल. न दिले तर ज्याच्या त्याच्याबरोबर कबरस्थानात जाईल.

हे ज्ञान थोडे नाही. पावसाळा सरल्यावर नदीच्या मुखाशी वाळू कोठे साचते आणि होडी कोणत्या अंगाने काढावी, हे जाणणारे वृद्ध हात अशा गावांतून असतात. शिनाणे आणि तिसऱ्या कोणत्या ओहोटीला काढाव्यात, जाळ्याला कोणती गाठ मारावी, बियाण्याची भाजी राखेत कशी ठेवावी, हे सारे कोणी ना कोणी जाणतो. पण या जाणत्यांची मुले आज बोटीवर आहेत, आखातात आहेत, पणजी-म्हापशाला नोकरीत आहेत. वडिलांचे ज्ञान घेण्यास घरात कोणी उरलेले नाही, आणि घराबाहेरच्यास देण्याची सवय नाही. यात केवढी हानी होत आहे, तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या परसातील माडाला गेंड्या भुंगा लागतो. तो शेंड्यातील कोवळा कोंब पोखरतो आणि मग उमलणारी झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसते. आपण माडावर माणूस चढवितो, तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतो आणि निश्चिंत होतो. महिन्याभरात दुसरा भुंगा हजर! तो येतो कोठून? त्याची अंडी आणि अळ्या असतात कुजलेल्या शेणखतात, पाल्यापाचोळ्याच्या ढिगात, पडून सडलेल्या माडाच्या खोडात. आणि तो ढीग बहुधा आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या कुंपणात असतो. शेजाऱ्याला हे ठाऊक नाही, कारण त्याच्या परसात माडच नाही. आपण एकट्याने कितीही शहाणे झालो तरी आपला माड वाचत नाही. वाडाच्या वाडा शहाणा झाला, प्रत्येकाने आपला खड्डा वेळोवेळी उलथून अळ्या वेचून काढल्या, तरच सर्वांचे माड वाचतात. म्हणजे शेजाऱ्याला शिकविणे हे येथे केवळ परोपकाराचे कृत्य राहत नाही. ते आपल्याच घराचे रक्षण ठरते.

काजूचेही तसेच. खोडकिडा बुंध्याशी, सालीच्या भेगांतून आत शिरतो. आरंभी बुंध्यापाशी थोडासा भुसा आणि डिंक दिसतो, एवढीच काय ती खूण. ती खूण ओळखून जो वेळीच पटाशीने साल तासून अळी काढतो, त्याचे झाड जगते. पाने पिवळी पडेपर्यंत जो थांबतो, त्याला पुढे कुऱ्हाडच हाती घ्यावी लागते. ही खूण पुष्कळांना झाड मेल्यानंतरच कळते. आणि ज्याचे झाड मेले तो गप्प राहतो, कारण आपली फजिती चारचौघांत कशी सांगावी! तो बोलला असता तर कदाचित दुसऱ्यांची दहा झाडे वाचली असती. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र तेरेखोलपासून काही फार दूर नाही. तेथून निघालेली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूची कलमे सर्व कोकणात पोचली आहेत. पण कलम आणले म्हणजे काम संपत नाही. आपल्या कातळावर, आपल्या खाऱ्या वाऱ्यात ते कसे वाढते, पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात त्याला कसे जगवावे, हे संशोधन केंद्राहून अधिक बारकाईने तोच सांगू शकेल, ज्याने ते आपल्याच गावात लावून पाहिले आहे.

आमच्या पूर्वजांना ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. गोव्यातील खाजन शेतीकडे पाहा. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळविलेली ही जमीन. बांधात बसविलेली मानस ही मोठी चतुर रचना आहे: ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते आणि भरतीला नदीचेच पाणी ते दार घट्ट लावून टाकते. अशा शेतात कोरगूटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. परंतु बांधाला खेकड्याने एक बीळ पाडले आणि ते एका शेतकऱ्याने दुर्लक्षिले, तर खारे पाणी त्या एकट्याच्या नव्हे, सर्वांच्या शेतात शिरते. म्हणून बांधाचे ज्ञान कोणा एकाचे राखीव ठेवता येत नव्हते. खाजनात ज्यांचा वाटा असे, ते एकत्र बसत, बांध फिरून पाहत, तरुणांना बरोबर नेत आणि कोठे चिखल, कोठे दगड, कोठे पेंढा घालावा हे दाखवीत. जेथे ही एकत्र बैठक मोडली, तेथे बांधही फुटले आणि जेथे भात डोलत होते तेथे आज खारे पाणी उभे आहे. गोव्यात अशी खाजने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आमचे म्हणणे निराळे पटवून द्यावयास नको.

‘‘हे जुन्या काळचे झाले, आता तसे कोठे घडते?’’ असे कोणी विचारील. त्यांनी जरा आंबोलीचा घाट चढून देशावर यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर या नावाचे एक गृहस्थ होते. ते गणिताचे अभ्यासक. त्यांनी १९६६ साली ‘प्रयोग परिवार’ नावाची एक चळवळ सुरू केली. तिच्या नावातच तिचे मर्म आहे: प्रयोग करणाऱ्यांचा परिवार. शेतकऱ्याने कोणाच्या तरी आज्ञेवरून खत-पाणी घालीत राहू नये. आपल्या मळ्याच्या एका कोपऱ्यात स्वतः प्रयोग करावा, काय घडले ते डोळसपणे पाहावे, आणि त्याच गोष्टीची आवड असलेल्या इतरांसमोर ते ठेवावे. त्यांनी ते आपल्या मातीत करून पाहावे आणि काय निष्पन्न झाले ते परत येऊन सांगावे. या परिवारात कोणी कायमचा गुरू नव्हता आणि कोणी कायमचा शिष्य नव्हता. ज्याने पाहिले त्याने सांगावे, ज्याने ऐकले त्याने पडताळावे, एवढाच नियम.

याचे फळ सांगली जिल्ह्याच्या तासगाव भागात फार ठळकपणे दिसून आले. मुळात तो भाग कमी पावसाचा. तेथील द्राक्ष बागायतदारांनी एकमेकांच्या बागा पाहून, वेलीची पाने, मुळे, छाटणी यांचा बारकाईने अभ्यास करून जी प्रगती केली, तिचे नाव आज देशभर आहे. ‘थॉमसन सीडलेस’ या परदेशी जातीच्या वेलीवर एक वेगळी फांदी दिसली. ती डोळसपणे ओळखून, निराळी जोपासून तासगावच्याच एका बागायतदाराने ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आणली. सोलापूरजवळच्या नान्नज येथे लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात अशीच एका शेतकऱ्याच्या नजरेतून निघाली. या दोन्ही जाती प्रयोगशाळेत नव्हे, तर शेतकऱ्याच्या बांधावर सापडल्या. हजारो लोकांच्या नजरेसमोरून अशा फांद्या जात असतील. पण रोज एकमेकांशी वेलींविषयीच बोलणाऱ्या माणसांची नजर निराळी झालेली असते. सोबतीने शिकण्याचा हा मोठाच लाभ: एकट्याला जे दिसत नाही, ते मंडळात बसणाऱ्याला दिसू लागते.

दाभोळकरांनी पुढे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह सन्मानाने कसा चालेल, याचाही विचार मांडला. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला आणि २००१ साली ते निवर्तले. ज्यांच्यापाशी जमीन थोडी आणि माणसेही थोडी, अशा तेरेखोलसारख्या गावांना दहा गुंठ्यांचा हा हिशेब फार जवळचा वाटावा.

आता शेतीकडून मासेमारीकडे वळू, आणि त्यासाठी एका दूरच्या किनाऱ्यावर जाऊ. कारण तेथील कथा आपल्याच पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासातील आहे. कॅनडा देशाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. शंभर वर्षांपूर्वी तेथील कॅथॉलिक कोळी अत्यंत दरिद्री होते. मासे त्यांनी धरावेत आणि भाव व्यापाऱ्याने ठरवावा, होडीही उधारीची आणि जाळेही उधारीचे, अशी स्थिती होती. कॅन्सो या बंदरगावी फादर जिमी टॉम्पकिन्स हे धर्मगुरू होते. १ जुलै १९२७ रोजी कॅनडा आपल्या संघराज्याचा हीरक महोत्सव साजरा करीत होता, तेव्हा कॅन्सोचे कोळी एकत्र जमले आणि आमच्याकडे साजरे करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न त्यांनी उभा केला. त्या प्रश्नातून पुष्कळ काही घडले. १९२८ साली अँटिगोनिश येथील संत फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने आपला विस्तार विभाग उघडला. ज्या संताचे पवित्र अवशेष आपल्या जुन्या गोव्यात आहेत, त्याच्याच नावाचे हे विद्यापीठ! त्या विभागाची धुरा फादर मोझेस कोडी यांच्याकडे आली.

फादर कोडी यांनी काय केले? त्यांनी कोळ्यांना विद्यापीठात बोलाविले नाही. विद्यापीठच कोळ्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसविले. आठ-दहा शेजारी एका घरी आठवड्यातून एकदा जमत. त्यांच्यातलाच एकजण प्रमुख असे. एखादी पुस्तिका वाचून तिच्यावर चर्चा होई. ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा वाचून दाखवी. चर्चेचे विषय आकाशातले नसत: शेवंडीला भाव कोण ठरवितो, बर्फाचा खर्च किती, दलाल कशाला हवा? लिटल डोव्हर या अगदी लहानशा गावच्या कोळ्यांनी असा अभ्यास केला आणि मग स्वतःच्या हातांनी लाकूड तोडून शेवंडी डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. १९३२ पासून त्या प्रांतात लोकांच्या स्वतःच्या पतसंस्था निघू लागल्या. रिझर्व्ह माइन्स या गावच्या खाणकामगारांनी अभ्यासमंडळात बसून घरबांधणीचे गणित शिकून घेतले आणि आपली घरे आपणच बांधली. त्या वसाहतीला त्यांनी फादर टॉम्पकिन्स यांचेच नाव दिले. १९५९ साली तेथे फादर कोडींच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि आशिया-आफ्रिकेतील कार्यकर्ते ही पद्धत शिकण्यास तेथे जाऊ लागले.

आणि इतक्या दूर तरी कशाला? मराठी बोलणाऱ्या आपल्याच बांधवांनी वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली जी लहानशी पतसंस्था सुरू केली, तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. केळी आणि भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, हिशेब ठेवायला शिकले, म्हणून हे घडले. पैशाआधी येथे बैठक होती, आणि बैठकीआधी विश्वास होता.

तेव्हा आमच्या वाड्यावर, आमच्या धर्मग्रामात हे का होऊ नये? आपण एकत्र जमत नाही असे कोणी म्हणणार नाही. फेस्ताची वर्गणी आपण जमवितो, वाड्यावरच्या खुरसासमोर लदीन म्हणतो, लहान ख्रिस्ती समूहात देवशब्द ऐकतो. या बैठकींना जोडूनच अर्धा तास अधिक बसावे, एवढीच आमची सूचना आहे. मात्र चार गोष्टी सांभाळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, विषय एकच आणि नेमका असावा. ‘गावाची प्रगती’ या विषयावर बैठक घेतली तर चहा संपेपर्यंतच ती टिकेल. ‘या पावसाळ्यात गेंड्या भुंगा कसा आवरावा’ हा विषय घ्यावा. ज्यांना त्या विषयाची खरी निकड किंवा आवड आहे तेवढेच यावेत; पाच घरे पुरेत.

दुसरी गोष्ट, यशाइतकेच अपयशही सांगावे. ज्याचे कलम मेले तो त्या दिवशीचा मुख्य वक्ता समजावा आणि त्याला कोणी हसू नये. आपल्या गावांतून हे सर्वांत कठीण आहे, हे आम्ही जाणतो. ‘‘अहो, माझे नुकसान झाले ते झाले, त्याचा डांगोरा कशाला?’’ असे म्हणून मनुष्य दार लावून घेतो. पण ज्या मंडळात फक्त शाबासकी मिळते, तेथे फुशारकी वाढते, शहाणपण वाढत नाही.

तिसरी गोष्ट, ऐकलेले पारखून घ्यावे. रेडीच्या मातीत जे जमले ते तेरेखोलच्या कातळावर जमेलच असे नाही. एका झाडावर, एका वाफ्यात करून पाहावे, वहीत तारीख घालून लिहून ठेवावे आणि मगच साऱ्या बागेवर हात टाकावा. कोणी मोठ्या आवाजात बोलला म्हणून त्याचे खरे मानू नये. आणि कोणी हळू बोलला म्हणून त्याचे सोडूनही देऊ नये.

चौथी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. या बैठकीत आमच्या भगिनींना मानाने बसवावे. बियाणे कोण राखते? मासळी कोण सुकविते आणि बाजारात नेऊन भाव कोण करते? आजारी मुलाची रात्र कोण काढते? घराच्या अर्ध्याहून अधिक ज्ञान माजघरात आहे, आणि आपण मात्र ओसरीवर बसून ज्ञानाची चर्चा करतो. तसेच बोटीवरून सुटीवर आलेल्या तरुणालाही बोलवावे. त्याने दूरदेशी जे पाहिले ते सांगावे आणि वडिलांनी नदीच्या मुखाविषयी जे जाणले ते त्याने ऐकून न्यावे. न जाणो, तो एके दिवशी परत येईल. तेव्हा त्याला परतण्यासारखे गाव उरलेले असले पाहिजे.

पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली ‘मातेर एत माजिस्त्रा’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. शेतकऱ्यांनी एकाकी न राहता परस्परांशी सहकार्य करावे, असा उपदेश त्यांनी त्यात केला आहे. आणि ख्रिस्ती माणसाने कोणत्याही सामाजिक प्रश्नाकडे जाताना आधी पाहावे, मग पारखावे, मग कृती करावी, ही तीन पावलांची वाट दाखविली आहे. वर आम्ही जे सांगितले, ते या तीन पावलांहून वेगळे काही नाही.

प्रभू येशूने सांगितलेला, धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण वर्षानुवर्षे मिस्सेत ऐकत आलो आहोत. त्या दासाने ते धन चोरले नव्हते, उधळलेही नव्हते; भीतीपोटी त्याने ते फक्त पुरले होते. माडाचे, काजूचे, जाळ्याचे, बियाण्याचे जे ज्ञान आपल्यापाशी आहे, तेही धन्यानेच दिलेले आहे, आणि ते आपल्यापुरते ठेवणे म्हणजे ते पुरणेच होय. येत्या रविवारी संध्याकाळी जपमाळ आटोपल्यावर पाच घरच्या माणसांनी एका ओसरीवर बसावे आणि त्यांतील वयाने सर्वांत वडील असलेल्यास विनंती करावी, ‘‘बाबा, तुम्ही जे जाणता ते आम्हांला सांगा.’’ ते काय सांगतात ते एखाद्या शाळकरी मुलाने वहीत उतरून घ्यावे. देव आमच्या सर्व कुटुंबांना देण्याचे औदार्य आणि घेण्याची नम्रता देवो, हीच आमची प्रार्थना.